नाटकासाठी बांधलेलं संगीत नेमकं काय काम करतं?

राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी सुरू झाल्या की सोलापुरातल्या कुठल्याही हौशी संघात म्युझिकचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. संहिता पाठ झालेली असते, लेव्हल्स कुठे ठेवायच्या यावरून भांडणं होऊन गेलेली असतात, लाइटवाला दोनदा येऊन बघून गेलेला असतो. रंगीत तालमीला चार दिवस उरले की दिग्दर्शकाला आठवतं, ‘अरे, म्युझिकचं बघा की कुणीतरी.’ मग कुणीतरी मोबाइलवर ‘उदास बासरी’ शोधतं आणि पहिली जी सापडेल ती आईच्या मरणाला लावून मोकळं होतं. मी अशा नाटकांत म्युझिकला बसतो, त्यामुळे या विषयावर मी गरजेपेक्षा जास्त बोलतो अशी आमच्या संघात तक्रार आहे. ते बोलणं एकदाचं लिहून काढावं म्हणून हा लेख.

युरोपात एकोणिसाव्या शतकात मोठ्या नाट्यगृहांना स्वतःचा वाद्यवृंद असे. बटण दाबून लावायला काही नव्हतंच. नाटकाला संगीत हवं तर ते कुणाला तरी लिहायला सांगायचं आणि रोज रात्री रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून वादकांनी ते वाजवायचं. बीथोव्हेन, शूबर्ट, मेंडेलसोन, बिझे, ग्रीग, सिबेलियस अशा बड्या मंडळींनी ही कामं घेतली. आज त्यातले तुकडे जाहिरातींत, कार्टूनमध्ये, रील्समध्ये वाजतात. ते मुळात कुठल्या नाटकात कुठे होते याचा पत्ता बहुतेकांना नसतो. आणि तो पत्ता कळला की तेच संगीत वेगळं ऐकू येतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी हे संगीत कशात मोडत नाही ते बघू. ऑपेरात पात्रं गाऊनच बोलतात, संगीत काढलं तर हातात काही उरत नाही. आपल्या संगीत नाटकाचंही जवळपास तसंच. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या. १९६७ साली आलेल्या या नाटकात झरीना रंगवणाऱ्या फैय्याज मूळच्या आपल्या सोलापूरच्या. त्यातली पदं काढली तर दोन घराण्यांचा झगडा कशावरून चाललाय हेच कळणार नाही. तिथे गाणं हाच नाटकाचा विषय आहे. आपण ज्याबद्दल बोलतोय ते संगीत मात्र बोलत्या नाटकासाठी, गद्य किंवा पद्य संवादांच्या नाटकासाठी लिहिलेलं असतं. ते काढलं तरी नाटक उभं राहतं, फक्त लंगडतं. आपण त्याला सरसकट पार्श्वसंगीत म्हणतो, पण त्याचा बराचसा भाग मागे वाजतच नाही. पडदा उघडण्याआधी वाजतो, दोन अंकांच्या मध्ये वाजतो, कधी पात्रांसमोर मिरवणुकीत वाजतो, कधी एखादं पात्र दोन ओळी गुणगुणतं तेवढ्यापुरता वाजतो.

या कामांची वाटणी आपल्याकडे फार जुनी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ध्रुवा नावाच्या गाण्यांचे पाच प्रकार दिले आहेत. पात्र आत येताना प्रावेशिकी, बाहेर जाताना नैष्क्रामिकी, चालू रसात मध्येच दुसरा भाव घुसवायचा असेल तर आक्षेपिकी, ढवळलेलं वातावरण निवळायला प्रासादिकी. आणि पाचवी आंतरा, जी मला सर्वांत आवडते. पात्र मूर्च्छित पडलंय, वेषभूषा सावरतंय, किंवा प्रयोगात काही चूक झालीय आणि ती झाकायची आहे, अशा वेळी मधली पोकळी भरायला ही ध्रुवा. हुतात्मा स्मृती मंदिरात ब्लॅकआउटमध्ये कॉट हलवणाऱ्या पोरांचा पाय कशाला तरी अडकतो आणि मी त्याच तुकड्याचा आवाज हळूच वाढवतो, ती आंतरा ध्रुवाच. बीथोव्हेनच्या काळात दोन अंकांमधल्या संगीताचं कामही हेच होतं: देखावा बदलेपर्यंत लोकांना खुर्चीत धरून ठेवायचं.

पण हुशार संगीतकार या भरावाच्या जागेतही नाटक घुसवतो. त्याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जगभर लग्नांत वाजतं.

मेंडेलसोननं शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’वर १८२६ साली एक स्वतंत्र पूर्वसंगीत लिहिलं, तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्यात गाढवाचं डोकं चिकटलेल्या विणकर बॉटमचं रेकणंसुद्धा व्हायोलिनवर ऐकू येतं. (विणकराला गाढव केलेलं पाहून सोलापूरकरांनी रागावू नये, नाटकात सगळ्यात प्रेमळ पात्र तेच आहे.) पुढे प्रशियाच्या राजानं या नाटकाच्या प्रयोगासाठी पूर्ण संगीत मागितलं आणि ते ऑक्टोबर १८४३ मध्ये पॉट्सडॅमला वाजलं. म्हणजे पूर्वसंगीत आणि बाकीचं संगीत यांत सोळा-सतरा वर्षांचं अंतर, तरी जोड दिसत नाही. जुनेच सूर त्यानं पुन्हा आत विणले.

त्यातलं ‘वेडिंग मार्च’ चौथ्या आणि पाचव्या अंकाच्या मधल्या जागेतलं आहे. शेक्सपिअरनं या नाटकात तीन जोडप्यांची लग्नं लावली खरी, पण लग्नविधी रंगमंचावर दाखवलाच नाही. चौथ्या अंकात सगळे अथेन्सकडे निघतात, पाचवा अंक सुरू होतो तेव्हा लग्नं उरकलेली असतात. मधे पडदा आहे आणि तिथे हे संगीत. म्हणजे लग्न लागतं ते तुतारीच्या त्या पहिल्या ललकारीपासून पुढच्या पाच-एक मिनिटांत, बंद पडद्यासमोर. नाटककारानं जे गाळलं ते संगीतकारानं लावून दिलं. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात हे मार्च वाजलं, तिथून त्याची फॅशन पसरली आणि नाटक मागे राहिलं.

नाटककार स्वतःच संहितेत संगीताची जागा राखून ठेवतो तेव्हा आणखी मजा येते. जर्मन लेखक गटेचं ‘एग्मोंट’ हे नाटक १७८८ साली छापलं गेलं. स्पॅनिश सत्तेविरुद्ध उभा राहिलेला आणि १५६८ मध्ये ब्रसेल्सला शिरच्छेद झालेला सरदार हा त्याचा नायक. व्हिएन्नातल्या प्रयोगासाठी बीथोव्हेननं १८१० साली एक पूर्वसंगीत आणि आणखी नऊ तुकडे लिहिले. त्यातला एक प्रसंग प्रत्येक लाइटवाल्यानं आणि म्युझिकवाल्यानं एकत्र बसून वाचावा असा आहे. नायकाची प्रेयसी क्लेर्शन विष घेऊन आत जाते. तिच्यावर जीव लावून बसलेला तरुणही निघून जातो आणि जाताना दिवा विझवायला विसरतो. मंच रिकामा. गटेची रंगसूचना अशी की क्लेर्शनचा मृत्यू सांगणारं संगीत सुरू होतं, राहून गेलेला दिवा काही वेळा भडकतो आणि विझतो. मरणारी बाई दिसत नाही, किंकाळी नाही, संवाद नाही. बीथोव्हेनचा तुकडा अगदी छोटा आहे, संथ, शेवटी विरत जाणारा. या ठिकाणी संगीत काढून पाहा: प्रेक्षकाला वाटेल की लाइटमध्ये बिघाड झाला. दिवा काढून पाहा: वाटेल की अंक संपला. दोन्ही एकत्र आले तरच मृत्यू होतो.

बोलण्याखाली संगीत वाजवण्याचीही एक रीत याच काळात पक्की झाली. पात्र गात नाही, बोलतं, आणि वाद्यवृंद त्याच्या वाक्यांच्या फटीत किंवा वाक्यांखाली वाजतो. याला तिकडे मेलोड्रामा म्हणत. आपण रडक्या मालिकेला जे म्हणतो त्याच्याशी इथे संबंध नाही. हा प्रकार करायला अवघड, कारण नटाचा पल्ला आणि संगीताची लांबी रोज जुळवावी लागते. समोर वाद्यवृंद असेल तर संचालक नटाकडे बघून थांबतो, ओढतो, सोडतो. आमच्याकडे पेन ड्राइव्ह असतो आणि तो कुणाकडेच बघत नाही. एखाद्या पात्राला टाळी पडली, त्यानं ती पूर्ण होऊ दिली, की पुढच्या वाक्यापर्यंत माझा बेचाळीस सेकंदांचा तुकडा संपून बसलेला असतो. म्हणून मी मोजून कापलेला तुकडा कधी घेत नाही. शेवट न येणारा, एकाच सुरावर तरंगत राहील असा घेतो आणि आवाजाचा फेडर खाली आणायला बोट तयार ठेवतो.

वेळेच्या मापाचा हा काच सर्वांत जास्त ज्याला बसला तो एडवर्ड ग्रीग. ‘पीअर गिंट’ची गोष्ट म्हणूनच जरा सावकाश सांगतो.

नॉर्वेचा नाटककार इब्सेन यानं ‘पीअर गिंट’ १८६७ साली लिहिलं ते वाचायचं नाट्यकाव्य म्हणून. बढाईखोर, घरातून पळणारा, जगभर भटकून म्हातारा होऊन परतणारा नायक, डोंगरातले राक्षस, मोरोक्को, इजिप्त, वेड्यांचं इस्पितळ, बुडणारं जहाज. हे रंगमंचावर आणायचं तर संगीताशिवाय गत नाही हे त्यालाच पटलं असावं. जानेवारी १८७४ मध्ये त्यानं ग्रीगला पत्र लिहून संगीत मागितलं आणि पत्रातच कुठे काय हवं हेही कळवलं. त्याची एक कल्पना अशी की चौथा अंक बहुतेक सगळा गाळायचा आणि त्याऐवजी पीअरची जगभ्रमंती सांगणारं मोठं संगीतचित्र वाजवायचं, ज्यात निरनिराळ्या देशांच्या धुना येत-जात राहतील. आमच्या एकाही लेखकानं स्वतःचा अख्खा अंक गाळायची तयारी दाखवल्याचं मला आठवत नाही. ग्रीगनं ते केलं नाही, चौथा अंक राहिला.

ग्रीगला वाटलं होतं काम थोडक्यात होईल. दोन वर्षं गेली. नाट्यगृहाकडून कोणता तुकडा कुठे आणि किती लांबीचा हवा याचं माप येत राहिलं आणि आपल्याला ठिगळं जोडावी लागली अशी त्याची तक्रार राहिली. २४ फेब्रुवारी १८७६ ला क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, पहिला प्रयोग झाला. त्यात वीसहून अधिक तुकडे होते. पुढे ग्रीगनं त्यातले चार-चार निवडून मैफलीसाठी दोन मालिका केल्या, एक १८८८ मध्ये, दुसरी १८९१ मध्ये. आपण जे ऐकतो ते बहुतेक पहिल्या मालिकेतलं.

त्या मालिकेतला पहिला तुकडा ‘मॉर्निंग मूड’. बासरी एक ओळ म्हणते, ओबो तीच उचलतो. तुम्ही पेटी घेऊन बसलात तर लगेच सापडेल: प ग रे सा रे ग, प ग रे सा. पुढे ध येतो. मुख्य धुनेत म आणि नि नाहीत, म्हणजे स्वर भूपाचेच, आणि सकाळच म्हणायची तर देसकाराचे. अर्थात राग म्हणून त्याचं काही चालत नाही, कारण थोड्याच वेळात ग्रीग ‘सा’च उचलून दुसरीकडे ठेवतो, मग तिसरीकडे. तरीही सोलापुरात मी ज्यांना ज्यांना ऐकवलं त्यांना ते परकं वाटलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बर्फाचे डोंगर आणि निळं पाणी आलं, कारण इंटरनेटवर तशीच चित्रं लावलेली असतात. नाटकात हा तुकडा चौथ्या अंकाच्या आरंभी आहे आणि तो अंक उघडतो मोरोक्कोच्या किनाऱ्यावर, ताडामाडांच्या झाडीत. पीअर तोवर अधेडवयाचा झालाय, गुलामांच्या व्यापारात गब्बर झालाय आणि पाहुण्यांना जेवू घालून स्वतःच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतोय. इतक्या निर्मळ सुरांमागून असा माणूस येतो. मला हा विरोधच त्या तुकड्याचा जीव वाटतो. मैफलीत तो उरत नाही.

‘इन द हॉल ऑफ द माउंटन किंग’ तर सगळ्यांना पाठलागाचं संगीत वाटतं. खालच्या पट्टीत बसून नावाचं फुंकवाद्य आणि चेलो दबक्या पावलांनी सुरू होतात, एकच धुन पुन्हा पुन्हा, दर वेळी वर, दर वेळी जोरात, शेवटी धावत सुटलेली. पण नाटकात इथे पाठलाग नाही. दुसऱ्या अंकात डोंगरराजाचा दरबार उघडतो तेव्हाचं हे संगीत आहे. राजाच्या मुलीला नादी लावून पीअर तिच्याबरोबर दरबारात आलाय आणि तिथले राक्षस ओरडतायत, मारा याला. मूळ संगीतात हा आरडाओरडा गायकवृंदाला दिलेला आहे, मालिकेत तो काढलाय. गोंगाट शिगेला पोहोचला की राजा सगळ्यांना गार करतो आणि चक्क सोयरिकीची बोलणी सुरू होतात, शेपूट लावायला तयार आहेस का वगैरे. खरा पाठलाग नंतर येतो आणि त्याला ग्रीगनं वेगळा तुकडा दिला आहे, तो फारसा कुणी ऐकत नाही. धुन बदलत का नाही हेही यावरून कळतं. झुंडीकडे सांगायला एकच वाक्य असतं. ग्रीगला हा तुकडा आवडत नसे. नॉर्वेच्या अतिअभिमानाची टर उडवायला लिहिला होता आणि त्याला शेणाचा इतका वास येतो की ऐकवत नाही, असं त्यानंच एका मित्राला पत्रात कळवलं होतं. तोच सर्वांत गाजला.

आणि ‘ओसेचा मृत्यू’. पीअरची आई ओसे गरिबीत, थंडीत एकटी मरते आहे. पीअर येतो. तिला वैद्य आणत नाही, क्षमा मागत नाही. लहानपणी दोघं खेळायची तसा खेळ मांडतो: खाटेच्या पायथ्याशी बसतो, खुर्चीला दोरी बांधून तिला घोडा करतो आणि आईला घसरगाडीत बसवून स्वर्गाच्या दारी मेजवानीला नेतोय असं सांगत राहतो. वाटेत घंटांचे आवाज, वारा, दारात उभा असलेला सेंट पीटर, सगळं तो रंगवून सांगतो. सांगता सांगता मागे वळून बघतो तर आई गेलेली.

या प्रसंगाखाली ग्रीगनं काय ठेवलं? घंटा ठेवल्या नाहीत, घोड्याच्या टापा ठेवल्या नाहीत. फक्त तंतुवाद्यं, तीही आवाज दाबून. संथ, छोट्या समान ओळी, ज्या आधी पायरी पायरीनं वर जातात आणि मग तितक्याच सावकाश अर्ध्या अर्ध्या सुरानं खाली उतरतात. पीअर तोंडानं गाडी हाकतोय, आणि त्या गाडीचं संगीतात नावही नाही. तो खोटं बोलतोय, संगीत खरं सांगतंय, आणि आई दोन्ही ऐकतेय असं प्रेक्षकाला वाटत राहतं. आमच्या ‘उदास बासरी’वाल्यांना मी हे कायम सांगतो: संवाद जे म्हणतोय तेच संगीतानं म्हणायचं असेल तर दोघांपैकी एकाला घरी पाठवा.

बाकीची उदाहरणं पटकन. बिझेनं १८७२ मध्ये पॅरिसला दोदे या फ्रेंच लेखकाच्या ‘आर्लेझियेन’ नाटकासाठी संगीत लिहिलं. नाट्यगृहाची ऐपत २६ वादकांची, तेवढ्यांत त्यानं २७ तुकडे बसवले, काही तर चार-सहा ओळींचे. जिच्या नावाचं नाटक ती मुलगी रंगमंचावर एकदाही येत नाही. नाटक पडलं, सहाएक आठवड्यांत त्याच संगीताची मैफलीची मालिका गाजली. शूबर्टच्या ‘रोझामुंडे’चे १८२३ मध्ये दोनच प्रयोग झाले. संगीत आजही वाजतं.

मराठीत सीमारेषेवरचं उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’. १९७२ साली पुण्यात पहिला प्रयोग, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, ज्यांची शाळा सोलापूरची, आणि संगीत भास्कर चंदावरकरांचं. तिथे रांगेत उभे राहून डोलणारे ब्राह्मण हाच पडदा, तीच भिंत, तोच गायकवृंद. संगीत काढलं तर नेपथ्यही कोसळतं. ते संगीत नाटक नव्हे आणि निव्वळ पार्श्वसंगीतही नव्हे. असल्या वर्गवारीत मी फार रमत नाही.

आपल्याकडच्या संघांना यातून घेण्यासारखी एक गोष्ट वाद्यांची आहे. ग्रीगनं पहिल्या अंकाआधी एकट्या व्हायोलावर लग्नघरातले गावरान नाच वाजवले, त्यांच्याकडच्या हार्डांगर फिडल या लोकवाद्याची नक्कल करत. सोलापूरच्या गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, घडणाऱ्या एकांकिकेला स्पॅनिश गिटार लावणाऱ्यांना माझी विनंती आहे की नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जी हलगी वाजते ती वाजवणारा माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याला विंगेत उभा करा. तो नटाकडे बघून थांबेल, पेन ड्राइव्ह थांबणार नाही.

दुसरी गोष्ट हक्कांची, कारण यात सगळेच फसतात. मेंडेलसोन १८४७ मध्ये गेला, ग्रीग १९०७ मध्ये. आपल्या कायद्यात रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे या रचना मोकळ्या आहेत. त्या वाजवा, बदला, पेटीवर बसवा. पण इंटरनेटवरून उतरवलेलं रेकॉर्डिंग ही वेगळी वस्तू. त्यावरचा हक्क ते रेकॉर्डिंग प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं टिकतो. अलीकडच्या वाद्यवृंदानं वाजवलेला ग्रीग प्रयोगात लावायला परवाना लागतो आणि प्रयोगाचं चित्रीकरण नंतर ऑनलाइन टाकलं तर नेमका ओसेच्या मरणाला आवाज गायब होऊ शकतो.

ऐकायचं कुठून? वाद्यवृंद-संचालक नीमे यार्वी यांनी गोथेनबर्गच्या वाद्यवृंदाबरोबर १९८०च्या दशकात ‘पीअर गिंट’चं संपूर्ण संगीत गायकवृंदासह ध्वनिमुद्रित केलं आहे, ते शोधा. ग्रीगच्या पहिल्या मालिकेचा क्रम मात्र विसरा. ती चौथ्या अंकातून सुरू होते, मग तिसऱ्या अंकात आई मरते, मग पुन्हा चौथा, आणि शेवट दुसऱ्या अंकातल्या दरबारानं. टाळ्या घ्यायला तो क्रम उत्तम आहे. तुम्ही दुसऱ्या अंकापासून लावा, राक्षसांचा आरडाओरडा जाऊ द्या, मग ओसे, आणि त्यानंतर लगेच ती मोरोक्कोची सकाळ.